58 ग्रॅमचा प्रीमियम टॉवेल

परवा रात्री साडेअकराला मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर गाडी पुसायचे टॉवेल मोजत बसलो होतो. आई पाणी प्यायला उठली, तिने एकदा काट्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि काही न बोलता परत झोपायला गेली. आता बोलून उपयोग नाही हे तिला कळलंय बहुतेक.

झालं असं की एका मित्राने नवीन गाडी घेतली, काळी, आणि त्याने मला एक साधा प्रश्न विचारला, मायक्रोफायबरचे ते पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे मिळतात ते घेऊ का एकेकटे मिळणारे महागडे घेऊ. मी म्हटलं महागडे घे. तो म्हणाला का. आणि इथे मी अडकलो राव, कारण माझ्याकडे "अरे हात लावून बघ ना" यापलीकडे उत्तरच नव्हतं. मग कपाटातला खालचा कप्पा उपसला, सगळे टॉवेल काढले, स्वस्तातले, मधले, महागातले, आणि ठरवलं की आधी यांच्या पाकिटावर जे लिहिलंय ते तरी खरं आहे का ते बघू.

पाकिटावर सगळ्यात मोठ्या अक्षरात काय असतं, तर जीएसएम. म्हणजे ग्रॅम पर स्क्वेअर मीटर, एक चौरस मीटर कापडाचं वजन. आता हे तपासायला काही लॅब लागत नाही. नेहमीचा टॉवेल 40 बाय 40 सेंटीमीटरचा असतो, म्हणजे 0.16 चौरस मीटर. 500 जीएसएमचा असेल तर त्याचं वजन 80 ग्रॅम यायला पाहिजे, कडेची पट्टी धरून थोडं जास्तच. माझा जो लाडका "प्रीमियम 500 जीएसएम" टॉवेल होता, राखाडी, साटीनची कड, वेगळ्या डब्यातून आलेला, तो काट्यावर ठेवला तर 58 ग्रॅम. मला वाटलं काटा बिघडला. बंद करून चालू केला, परत 58. भागाकार केला तर जेमतेम 360 च्या आसपास येतो, तेसुद्धा त्या साटीनच्या कडेचं वजन धरून. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा!

आणि गठ्ठ्यातला पिवळा? त्याच्यावर 300 लिहिलं होतं. पट्टी लावली तर 38 बाय साडेएकोणचाळीस भरला, म्हणजे मापात थोडी मारली होती त्यांनी, पण वजन 47 ग्रॅम, हिशोब केला तर 310 च्या वर. गरीब बिचारा खरं बोलत होता. माझे सगळे महागडे काही खोटे निघाले नाहीत हां, दोन तर अगदी लिहिल्याप्रमाणे भरले, पण तो एक 58 ग्रॅमवाला अजून डोक्यात बसलाय. तेव्हापासून माझं पहिलं मत असं झालंय की "प्रीमियम" हा शब्द पाकिटाचा आहे, कापडाचा नाही. कापडाचं कापडाला विचारायचं.

तर ते कसं विचारायचं हे जरा सविस्तर सांगतो, कारण खरी गंमत इथेच आहे.

मायक्रोफायबर म्हणजे 1 डेनियरपेक्षा बारीक तंतू. डेनियर म्हणजे 9000 मीटर लांबीच्या धाग्याचं ग्रॅममधलं वजन. म्हणजे नऊ किलोमीटर धागा ओढला आणि त्याचं वजन एक ग्रॅमपण भरलं नाही तर तो मायक्रोफायबर. रेशमाचा तंतू साधारण 1 डेनियरच्या आसपास असतो, हे त्याहून बारीक. बहुतेक टॉवेलमध्ये दोन गोष्टी असतात, पॉलिएस्टर आणि पॉलीअमाइड, म्हणजे नायलॉनच. कंपनी ते दोन्ही एकत्र एकाच बारीक भोकातून ओढते, तेव्हा त्या तंतूचा आडवा छेद घेतला तर तो सोललेल्या संत्र्यासारखा दिसतो, फोडी-फोडींचा, एकमेकींना चिकटलेल्या. मग पुढच्या प्रक्रियेत केमिकल, उष्णता आणि घुसळण यांनी त्या फोडी सुट्या होतात. याला म्हणतात स्प्लिट होणं. आणि सगळा खेळ या स्प्लिटवर आहे, कारण फोडी सुट्या झाल्या की मधे ज्या फटी पडतात त्यातच पाणी चढतं आणि धूळ अडकते. तंतू फुटलेलेच नसतील तर तो टॉवेल म्हणजे नुसतं मऊ प्लॅस्टिकचं फडकं, पाणी शोषत नाही, पुढे पुढे ढकलतं. तुम्ही काच पुसताय आणि पाण्याची रेघ टॉवेलच्या पुढे पळतेय असं कधी झालंय का? तेच ते.

(मायक्रोफायबर म्हटलं की आपल्याला हे फडकंच आठवतं, पण 1970 च्या सुमाराला तोरे या जपानी कंपनीत मियोशी ओकामोतो नावाच्या माणसाने असे अतिबारीक तंतू वापरून पहिल्यांदा जे बाजारात आणलं ते नकली स्वेड होतं, कोट शिवायचं कापड. तिथून सुरुवात होऊन आपण टायर पुसतोय.)

स्प्लिट आहे की नाही ते बघायला सगळ्यात सोपा उपाय म्हणजे कोरडा तळहात. हात धुऊन पूर्ण कोरडे करा, क्रीमबिम काही नको, आणि टॉवेलवरून हलकेच फिरवा. स्प्लिट असेल तर ते कातडीला धरतं, बोटांच्या टोकाशी जिथे कातडी थोडी खरखरीत असते तिथे अडकतं, नखाच्या बाजूच्या सालपटाला तर हमखास. काही लोकांना ते फीलिंग अजिबात सहन होत नाही, माझ्या बहिणीच्या अंगावर काटा येतो. टॉवेल नुसता गुळगुळीत, रेशमासारखा सरकत असेल तर मला शंका येते. दुकानात मऊ लागणं ही उलट फसवी गोष्ट आहे, कारण नवीन कापडावर कारखान्यातलं फिनिशिंग असू शकतं, ते एका धुण्यात जातं. म्हणून खरी परीक्षा एकदा धुतल्यावर. ओट्यावर चमचाभर पाणी सांडा आणि टॉवेल न दाबता त्यावरून ओढा. मागे ओली रेघ राहिली की समजायचं.

पाकिटावर 80/20 किंवा 70/30 असे आकडे असतात ते म्हणजे पॉलिएस्टर किती टक्के आणि पॉलीअमाइड किती टक्के. लोक यावर भांडतात. पॉलीअमाइड जास्त म्हणजे टॉवेल मऊ आणि पाणी जास्त पितो असं सर्रास सांगतात, आणि त्यात तथ्य आहे, नायलॉन हवेतला ओलावा साधारण 4 टक्के धरतं आणि पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. पण टॉवेल जे पाणी घेतो ते मुख्यतः तंतूंच्या मधल्या फटीत घेतो, तंतूंच्या पोटात नाही. त्यामुळे नीट न फुटलेला 70/30 हा नीट फुटलेल्या 80/20 पुढे हरतो. माझ्याकडे दोन्ही आहेत आणि डोळे झाकून हातात दिले तर मला ओळखता येणार नाहीत, खरं सांगतो. जीएसएम तरी काट्यावर ठेवता येतं, हे प्रमाण घरी तपासायचा काही मार्गच नाही, त्यामुळे त्यासाठी जास्त पैसे मोजायला माझा हात पुढे होत नाही.

पैसे मोजायचेच असतील तर कडेसाठी मोजा.

ही गोष्ट मला फार उशिरा कळली आणि तीसुद्धा गाडी खराब करून. माझी आधीची गाडी काळी होती. काळी गाडी घेणाऱ्याला कोणीतरी आधी समोर बसवून समजावलं पाहिजे खरं तर. मी त्या गठ्ठ्यातल्या टॉवेलने ती पुसायचो, पाच-सहा महिन्यांनी एके सकाळी ऊन तिरकं पडलं होतं तेव्हा बॉनेटवर बघितलं तर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे. बारीक, केसाहून बारीक, पण हजारो. आणि डिकीवर एक वेगळाच प्रकार होता, एकमेकांना समांतर, अर्धगोल, दोन-दोन रेघांची जोडी, जणू काही कोणी कंपास फिरवलाय. मी सगळा राग त्या पिवळ्या टॉवेलांवर काढला. स्वस्तातलं घेतलं की असंच होतं म्हटलं, गठ्ठा उचलून बाजूला टाकला, आणि सहा महागडे आणले.

वर्षभराने परत तेच. जाळं थोडं कमी, पण होतंच. तेव्हा मात्र जरा डोकं चालवलं. डिकीवरच्या त्या जोडरेघा कसल्या होत्या माहितीये? टॉवेलच्या कोपऱ्यात शिवलेलं लेबल. ते छोटं पांढरं, धुवायच्या खुणा छापलेलं लेबल, ज्याच्या दोन्ही कडा उष्णतेने कापलेल्या असतात आणि सुकल्यावर नखासारख्या कडक होतात. मी टॉवेल हातात गोळा करून गोल गोल फिरवायचो आणि ते लेबल नेमकं खाली यायचं. टॉवेलचं कापड निर्दोष, लेबल गुन्हेगार, आणि हात माझा.

आता कार पेंटचं एक लक्षात घ्या, आपण ज्याला पॉलिश केलेला चकचकीत रंग म्हणतो तो वरचा पारदर्शक थर असतो, क्लिअरकोट, आणि तो साधारण 35 ते 50 मायक्रॉन जाड असतो. डोक्याचा केस साधारण 70. म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कमी थर आहे आणि त्यावर आपण आयुष्यभर घासणार आहोत. ओरखडे आले की पॉलिश करून काढता येतात, पण काढता येतात म्हणजे काय, तर आजूबाजूचा थर तेवढा खरवडून सपाट करायचा. हे बँकेतल्या पैशासारखं आहे, फक्त इथे काढता येतात पण परत भरता येत नाहीत.

तर कड. स्वस्त टॉवेलची कड साध्या पॉलिएस्टर धाग्याने ओव्हरलॉक केलेली असते आणि तो धागा बाकी कापडाच्या मानाने राठ असतो. दोन बोटांत धरून ओढून बघा, कळतं. महागड्यांमध्ये एकतर मऊ कापडाची पट्टी लावलेली असते किंवा कडच नसते, अल्ट्रासोनिकने म्हणजे ध्वनिलहरींच्या मशीनने कापलेला. बिनकडेचा मला सगळ्यात आवडतो, पण त्यातही बघून घ्या, स्वस्तातल्या बिनकडेच्याची कापलेली बाजू कधी कधी वितळून कडक दाण्यांची रेघ झालेली असते. माझी पद्धत म्हणजे कडेवरून ओठ फिरवायचा. हसू नका, बोटांना जे कळत नाही ते ओठांना कळतं. (नवीन, धुतलेल्या टॉवेलवर. टायरचा टॉवेल ओठाला लावून मला शिव्या देऊ नका.)

लेबल शिवलेलं असेल तर उसवायचं, कापायचं नाही. कापलं की खुंट राहतो आणि तो लेबलपेक्षा वाईट.

सीडीची टेस्ट पण खूप लोक सांगतात, जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूवर टॉवेल घासायचा आणि ओरखडे मोजायचे. मी केली. दोन-तीन टॉवेल एकमेकांच्या तुलनेत बघायला ठीक आहे, कड घासून बघायला तर छानच आहे, पण सीडीचं प्लॅस्टिक मऊ असतं, त्यावर ओरखडा आला म्हणजे गाडीवर येईलच असं नाही आणि आपण टेस्ट म्हणून जेवढं दाबतो तेवढं गाडीवर कोणी शहाणा माणूस दाबत नाही. मी त्या नादात एक चांगली सीडी घालवली, ते सोडा.

नंतर मी अजून एक उद्योग केला. बॉनेट पॉलिश करून घेतलं, मधोमध मास्किंग टेपने दोन भाग लक्षात राहतील अशी खूण केली आणि दोन-अडीच महिने डावीकडे गठ्ठ्यातला पिवळा (लेबल उसवून, दर वेळी ताजा धुतलेला) आणि उजवीकडे महागडा. बाकी सगळं सारखं, तोच शाम्पू, तीच बादली, तोच मी. शेवटी मोबाईलचा टॉर्च धरून बघितलं. फरक होता का? डावीकडे कडेला, जिथे टॉवेलची कड फिरते तिथे, थोड्या जास्त रेघा होत्या. मधल्या भागात मला तरी काही सांगता येईना. हे काही शास्त्र नाही, एक गाडी, एक माणूस, एक टॉर्च. पण त्या दिवशी माझा "स्वस्त म्हणजे ओरखडे" हा हट्ट निम्मा तरी उतरला.

मग आधीचे ओरखडे कशाने आले होते? आता मागे वळून बघतो तर यादीच आहे. टॉवेल खाली पडला तर मी झटकून परत वापरायचो. वाळूत क्वार्ट्झ असतं, ते क्लिअरकोटपेक्षा कितीतरी कडक, एक कण तंतूत अडकून बसला की पुरे, झटकून तो निघत नाही, उलट मायक्रोफायबरचं कामच धूळ धरून ठेवणं आहे, तो ती इमानदारीने धरून ठेवतो आणि आपण इमानदारीने ती बॉनेटभर फिरवतो. दुसरं म्हणजे एकाच टॉवेलने छपरापासून दाराच्या खालच्या पट्टीपर्यंत. तिसरं म्हणजे कोरड्या गाडीवरची धूळ कोरड्याच टॉवेलने "जरा मारतो हात" म्हणून. या तिन्हीत टॉवेल कितीही महाग असता तरी गाडीचं तेच झालं असतं. किंबहुना महागाचा टॉवेल हातात असला की आपण जास्त बेफिकीर होतो, आणि एकच असल्याने तो जास्त वेळ वापरतो. स्वस्ताचे वीस असले की माणूस बिनदिक्कत नवीन घेतो. वीस स्वच्छ टॉवेल एका महागड्या मळक्यापेक्षा बरे, हे माझं ठाम मत आहे.

म्हणून मित्राला शेवटी मी जे सांगितलं ते असं. टॉवेल कुठे फिरणार आहे ते आधी ठरव, मग पैसे.

रंगाला लागणारे दोन प्रसंग सगळ्यात नाजूक. एक, धुतल्यावर गाडी कोरडी करणं, आणि दोन, सगळ्यात शेवटचा हात, म्हणजे वॅक्स किंवा स्प्रे मारून चमक काढतो तो. इथे चांगलाच घे. सुकवायला पिळाच्या लूपचा मोठा टॉवेल, ज्याला ट्विस्ट लूप म्हणतात, 1000 जीएसएमच्या वरचा. पहिल्यांदा वापरला तेव्हा मी खरंच खुळ्यासारखा हसलो होतो, छपरावर पसरवला, दोन टोकं धरून स्वतःकडे ओढला, आणि छप्पर कोरडं. घासायचं नाहीच, टिपून घ्यायचं. अख्खी गाडी एका टॉवेलमध्ये होते. फक्त तो ओला झाला की इतका जड होतो की पिळताना मनगट दुखतं आणि वाळायला लागतो जन्म, दमट हवेत तर दुसऱ्या दिवशीपण आत ओला आणि वास मारतो. शेवटच्या हाताला लांब लव असलेला मऊ, 500 च्या आसपासचा खरा (काट्यावर ठेवून बघ), म्हणजे चुकून एखादा कण राहिलाच तर तो लवेत वर सरकतो, रंगावर घासत नाही. चौपदरी घडी घातली की एका टॉवेलच्या आठ बाजू मिळतात, एक मळली की पलटायची.

बरं जास्त जीएसएम म्हणजे जास्त चांगला असंही नाही. वाळलेलं वॅक्स किंवा कंपाउंड (ओरखडे घासून काढायची पेस्ट) काढायला तो लांब लवेचा टॉवेल अगदी बेकार, तो चिकटतो, अडकतो, आपण जास्त जोर लावतो. तिथे 300-350 चा आखूड लवेचा, म्हणजे गठ्ठ्यातलाच, एकदम फर्स्ट क्लास काम करतो. काचेला तर लव नकोच, चपटा नाहीतर वॉफल विणीचा, जाळीजाळीचा. मी दोन वर्षं काचेवर सगळ्यात महाग टॉवेल वापरून धागे आणि फराटे काढत बसलो होतो, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

चाकं, दाराच्या आतल्या कडा, इंजिनाची जागा, पेट्रोलच्या झाकणाच्या आतली ती काळी घाण, इथे स्वस्तातला आणि त्यातलाही सगळ्यात म्हातारा. ब्रेकची धूळ एकदा टॉवेलात गेली की तो टॉवेल परत रंगावर आणायचा नाही, कितीही धुतला तरी. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चढवायचा कडक संरक्षक थर, स्वतः करणार असाल तर त्याला आखूड लवेचे स्वस्त टॉवेलच घ्या कारण ते कोटिंग टॉवेलमध्येही कडक होतं, काचेच्या कुसळासारखं, आणि मग तो टॉवेल फेकण्याशिवाय इलाज नसतो. तिथे महागडा वापरलात तर फेकताना जीव कळवळतो आणि "एकदा धुऊन बघू" असा मोह होतो. तो मोहच घातक.

रंगाचं पण सांगतो, टॉवेलच्या रंगाचं. कंपन्यांना महागडे टॉवेल काळे आणि गडद राखाडी करायला फार आवडतं, दिसतात भारी. पण रंगावर फिरवायचा टॉवेल मला फिकाच लागतो, त्यावर घाण दिसते, वाळलेलं गवताचं कुसळ दिसतं. गडद टॉवेल खाली पडून काय काय उचलून आलाय काही कळत नाही. आणि नवा गडद टॉवेल पहिल्यांदा धुतल्याशिवाय वापरायचा नाही, मी नव्याकोऱ्या लाल टॉवेलने गाडीचं आतलं छत पुसलं होतं, ओलं करून. अजून मागच्या सीटवर बसलेलं माणूस वर बघून विचारतं, हे गुलाबी काय आहे.

आता धुण्याकडे येतो, कारण माझ्या सगळ्या महागड्या टॉवेलांचा घात रस्त्यावर नाही, घरात झाला. सहा आणले होते ना, त्यातले चार आईने एका रविवारी कपड्यांच्या मशीनमध्ये टाकले. चादरी, बनियन, आणि त्यांच्यात माझे चार. वर छान वासाचं सॉफ्टनर. तिचा काही दोष नाही, कपड्याच्या ढिगात होते, तिने धुतले, आणि वास तर इतका छान येत होता की मी थँक्यू पण म्हटलं. संध्याकाळी काच पुसायला घेतला तर काचेवर तेलकट धुरकट थर, जितकं पुसावं तितकं पसरत जातंय. सॉफ्टनर कापड मऊ करतं ते तंतूंवर पातळ थर बसवून, आणि नेमक्या त्याच फटी बुजतात ज्यासाठी आपण पैसे दिलेले असतात. शिवाय बनियनच्या सुताचे गोळे लवेत इतके गुंतले की एकेक चिमट्याने काढत बसलो. सूत एकदा अडकलं की मायक्रोफायबर सोडत नाही. नंतर सॉफ्टनरशिवाय कोमट पाण्यात तीनदा धुतले, एकदा पाण्यात थोडं व्हिनेगर घालून खळबळले, तेव्हा दोन शुद्धीवर आले. उरलेले दोन चाकांच्या ढिगात गेले. विकत घेतल्यापासून दोन महिन्यांत.

तेव्हापासून नियम सोपे. टॉवेल वेगळे, सुती कपड्यांबरोबर नाहीत. गाडीच्या रंगावर फिरवायचे आणि चाकाचे एकमेकांबरोबर नाहीत. वॅक्स लागलेले आधी कोमट पाण्यात भिजत. लिक्विड डिटर्जंट, नेहमीपेक्षा कमी, पावडर नको कारण न विरघळलेले दाणे राहतात. पाणी 40 डिग्रीच्या आत-बाहेर. ब्लीच नाही, सॉफ्टनर नाही, इस्त्री तर नाहीच. एक जादा वेळ खळबळून सावलीत, धूळ उडत नाही अशा ठिकाणी वाळत. ड्रायर असेल तर सगळ्यात कमी उष्णतेवर, कारण हे शेवटी प्लॅस्टिक आहे, जास्त तापलं की तंतूंची टोकं आकसून राठ होतात आणि ते परत सुधारत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, या ट्विस्ट लूपवाल्याचा सुंभ न जळताच पीळ जातो!

या सगळ्यामुळे स्वस्त-महागचा माझा हिशोब थोडा बदललाय. एका धुण्याला मला लागतात किती, तर सुकवायचा एक, शेवटच्या हाताचे दोन, काचेचे दोन, आणि बाकी खालच्या कामाचे तीन-चार. म्हणजे खरोखर महाग हवेत असे जेमतेम तीन, दुसरा संच धुण्यात असतो म्हणून सहा. उरलेलं सगळं गठ्ठ्यातलं. मी एकेकाळी सगळेच महाग घेतले होते आणि एकेकाळी सगळेच गठ्ठ्यातले, दोन्हीत पैसे वाया गेले, पहिल्यात जरा जास्त.

आणि बढती-पदावनती चालू असते. नवा टॉवेल रंगावर, तिथे जरा राठ वाटायला लागला, खाली पडला, संशय आला, की आतल्या डॅशबोर्डला, मग दाराच्या कडांना, मग चाकांना, मग सायकलच्या चेनला, मग कचऱ्यात. गोंधळ नको म्हणून खाली उतरवलेल्या टॉवेलचा एक कोपरा कात्रीने कापतो, चाकाला गेला की दोन कोपरे. अंधारातही हाताला कळतं.

मित्राने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अरे मी फक्त कुठला घेऊ विचारलं होतं." मग त्याने सुकवायचा एक चांगला घेतला, दोन मऊ घेतले आणि एक गठ्ठा. गठ्ठ्यातले लेबल आम्ही दोघांनी बसून उसवले, पंचवीसच्या पंचवीस, दोन सिनेमे होतील एवढा वेळ गेला.

तो 58 ग्रॅमवाला राखाडी अजून आहे. त्याचा एक कोपरा कापलाय, तसा काही वाईट नाही तो, डॅशबोर्ड छान पुसतो. वजनकाटा मात्र मी टॉवेलच्या कप्प्यातच ठेवून विसरलो होतो, आज सकाळी आईने तो शोधून काढला, आधी धुतला, मग पुसला, आणि पुसायला घेतला माझा शेवटच्या हाताचा सगळ्यात चांगला टॉवेल. आता याला किती कोपरे कापू?